गरीबांचे नगर

माझ्या पासपोर्टात जन्मस्थळाच्या रकान्यात जे गाव छापलेले आहे त्या नावाचे गाव आता सरकारदप्तरी उरलेले नाही. आणि ज्या देशाची मुद्रा त्या पासपोर्टावर आहे त्या देशात वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी पाऊलही टाकलेले नव्हते. गावाचे नाव २०२४ साली बदलले, माझे नागरिकत्व त्याच्या चाळीस वर्षे अगोदर. गावाच्या नामांतरासाठी मंत्रिमंडळाचे ठराव झाले, राजपत्रे निघाली. माझ्या पालटासाठी मात्र स्टुटगार्टच्या एका कचेरीतल्या बाईंनी ओली छत्री बाहेर ठेवायला सांगून दोन ठिकाणी सह्या घेतल्या आणि अभिनंदन केले. तरीही गेल्या पौषात पुण्याहून नगरच्या एस.टी.त बसलो आणि वाहकाने यंत्रातून काढून दिलेल्या तिकिटावर ‘अहिल्यानगर’ ही अक्षरे वाचली, तेव्हा एखादा बालमित्र बऱ्याच वर्षांनी भेटावा आणि त्यानेही आपल्यासारखाच वेष पालटलेला असावा, तसे काहीसे वाटले. वाहक तिकीट देताना “नगर ना?” एवढेच म्हणाला होता. जुन्या नावात आणि नव्यात जे सामाईक आहे तेवढेच लोकांनी पूर्वीपासून जिभेवर ठेवलेले असल्यामुळे, नामांतराचा जाच या गावाच्या जिभेला तरी फारसा झालेला दिसत नाही.

आणि दोन्ही नावांची माणसे मुळात ठिकाण सुटलेल्यांपैकीच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसविणाऱ्या अहमद निजामशहाचा बाप पाथरीच्या एका ब्राह्मण घराण्यातला. विजयनगरच्या मुलखात पोरवयात युद्धकैदी झाला, बहमनी दरबारात मलिक हसन म्हणून वाढला आणि वजिरीपर्यंत चढला, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. १७२५ चा जन्म, आणि लहानपणीच लग्न होऊन माळव्यात गेल्या त्या तिकडच्याच झाल्या.

शिरूर मागे पडले, घोड नदीचा पूल ओलांडला, की नगर जिल्हा लागतो, आणि हे सांगायला पाटीची जरुरी नसते. हवेतला ओलावा जणू कोणी तरी पुलावरच उतरवून घेतलेला असतो. माळ मोकळा होतो, क्षितिज लांब जाते, आणि ज्वारीच्या ताटांमधून वाऱ्याचा जो कोरडा आवाज येतो तो मी जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठे ऐकलेला नाही. माझ्या शेजारी पारनेर तालुक्यातला एक तरुण बसला होता. आय.टी.आय.ला वायरमनचे काम शिकलेला, पुण्यात एका कारखान्यात कंत्राटी पद्धतीवर लागलेला, आणि आता गावी चालला होता तो शाळा सोडल्याचा दाखला काढायला. दाखला कशाला, तर जर्मनीला जाण्यासाठी. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला, त्यात इकडचे दहा हजार कुशल तरुण तिकडे धाडण्याचा मानस जाहीर झाला, आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत जर्मनचे वर्ग निघाले, हे मी ऐकून होतो. परंतु ज्या राज्याच्या राजधानीत मी पन्नास वर्षे काढली तिचे नाव सुप्याच्या एका मुलाच्या तोंडून, तेही ‘श्टुटगार्ट’ अशा अचूक उच्चारासह, एस.टी.च्या बाकावर ऐकेन अशी माझी कल्पना नव्हती. “ए-वन झालंय काका, ए-टू चालू आहे,” तो म्हणाला, आणि मी तिकडेच राहतो हे कळल्यावर थोडा वेळ गप्प बसून त्याने विचारले, “तिकडं गेल्यावर पहिल्यांदा काय करायचं असतं?”

“जिना झाडायचा असतो,” मी म्हटले. त्याला ती थट्टा वाटली. पण ते अक्षरशः खरे होते.

मी निघालो तो १९७३ च्या आश्विनात. बहात्तरचा दुष्काळ नुकताच ओसरला होता. माझे वडील नगरच्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते, आणि आदले वर्षभर त्यांच्या मेजावर दुष्काळी कामांच्या हजेरीपटांखेरीज दुसरा कागद आलेला नव्हता: अमुक गावी पाझर तलाव, तमुक गावी नालाबंडिंग, बाकी सगळीकडे खडी. शेकडो एकरांचे बागायतदार आणि त्यांचे सालदार एकाच रांगेत बसून हातोड्याने दगड फोडीत, आणि दुपारी सुकडी खात, हे मी डोळ्यांनी पाहिले. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे. तिच्या भाकरीला वास येई, आणि आई ती थापताना तोंड फिरवी. वडिलांना माझ्या शिष्यवृत्तीचे पत्र दाखविले तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “धान्य तिकडून इकडे येते, माणूस इकडून तिकडे जातो. जमाखर्च बरोबर आहे.” त्या काळी देशाबाहेर जाणाऱ्याला आठ डॉलर नेण्याची मुभा होती. तेवढे घेऊन, आणि वडिलांनी मोडी वळणाच्या देवनागरीत केलेली माझ्या कागदपत्रांची नऊ कलमी याद खिशात घालून, मी गेलो.

स्टुटगार्ट हे शहर एका खोलगट वाटीत वसलेले आहे, आणि वाटीच्या काठांवर चढायला दगडी पायऱ्यांच्या अरुंद वाटा आहेत. अशाच एका वाटेवरच्या चौमजली घरात मला पोटमाळ्याची खोली मिळाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येतो, तो माझ्या दाराच्या कडीला एक लाकडी पाटी अडकवलेली, आणि तिच्यावर जो शब्द होता त्याची पहिली दोन अक्षरे मला शुद्ध मराठी वाटली: केरवोखं. त्याचा अर्थही मराठीच निघाला. ‘केरेन’ म्हणजे झाडणे, ‘वोखं’ म्हणजे आठवडा. श्वाबेन प्रांताचा जुना शिरस्ता असा की घरातल्या बिऱ्हाडांनी आठवडा वाटून घेऊन जिना, तळघर आणि घरापुढची पायवाट झाडायची, बर्फ पडले तर तेही ओढायचे, आणि आठवडा सरला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. केर आणि ‘केरेन’ यांचे नाते आहे असा माझा मुळीच दावा नाही. योगायोगाला व्युत्पत्ती समजणाऱ्या पंडितांची आपल्याकडे वाण नाही आणि मला त्या पंगतीत बसायचे नाही. पण त्या संध्याकाळी, ज्या भाषेतले एक वाक्यही धड कळत नव्हते त्या भाषेने माझ्या दारावर ‘केर’ असे लिहून ठेवावे, याने मला जो धीर आला तो विद्यापीठाच्या स्वागतसमारंभाने आलेला नव्हता. खालच्या मजल्यावर एक तुर्की लोहार आणि दोन ग्रीक भाऊ राहत. मी गेल्यानंतर महिनाभरात, २३ नोव्हेंबर १९७३ रोजी, जर्मन सरकारने बाहेरून कामगारांची भरती बंद केली. ज्यांना ‘गास्टआर्बाइटर’, म्हणजे पाहुणे-कामगार, असे गोड नाव देऊन बोलावले होते, त्यांनी आता घरी परतावे, अशी चर्चा वर्तमानपत्रांत सुरू झाली. तुर्की शेजारी त्या आठवड्यात जिना झाडीत होता. त्याने तो नेहमीपेक्षा जास्त स्वच्छ झाडला.

त्याच हिवाळ्यात मला एक शब्द सापडला. जर्मनमध्ये दैन्याला, हालअपेष्टांना ‘एलेंड’ म्हणतात; व्युत्पत्तिकोश उघडला तर त्याचे प्राचीन रूप ‘एलिलेंटी’, आणि त्याचा मूळ अर्थ, परका मुलूख. जो आपल्या मुलखातून बाहेर पडला त्याचे हाल ठरलेलेच, म्हणून हजार वर्षांत परदेशाचा अर्थच दुर्दशा असा झाला. मला वाटले, हे जर्मनांचे वैशिष्ट्य असेल. आमच्याकडेही नेमके हेच घडले आहे, आणि तेही माझ्या स्वतःच्या गावाच्या इतिहासात, हे कळायला पुढे पुष्कळ वर्षे गेली.

नगरला आलो की मी प्रथम कोठल्याला जातो. माळीवाड्यातले आमचे घर कधीच विकले गेले. सावेडीला चुलतभावाकडे उतरतो, वहिनींच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खातो, आणि उन्हे कलली की निघतो. कोठला म्हणजे बारा इमामांचे स्थान. मोहरमात येथली सवारी पाहायला लांबून लोक येतात. बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ स्वीकारला त्या सुमारास, १५३६-३७ मध्ये, त्या पंथाच्या विद्येचे पीठ म्हणून ही वास्तू उभी राहिली, आणि ती ज्याच्यामुळे उभी राहिली तो शाह ताहिर हा इराणातून जीव घेऊन पळालेला विद्वान होता. काशानात तो अध्यापन करी; शाह इस्माइलची खप्पामर्जी झाली, शिरावर गदा येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा १५२० च्या सुमारास तो जहाजाने गोव्याला उतरला. तेथून विजापूरच्या दरबारी गेला. तेथे त्याला कोणी विचारले नाही. निराश होऊन परत जायच्या बेतात परांड्याला पोचला, आणि तेथे त्याच्या विद्येची कीर्ती झाली, ती बुऱ्हाणाच्या कानावर गेली, आणि नगरहून बोलावणे आले. ज्याने अर्ज नामंजूर झाल्याचा कागद हातात घेऊन परक्या शहराच्या रस्त्यावर एक दुपार काढली आहे, त्याला हा प्रवास अगदी ओळखीचा वाटेल. इतिहासकारांना शाह ताहिराच्या धर्मचर्चेत रस असतो. मला विजापूर ते परांडा या वाटेत आहे. त्या वाटेवर त्याने स्वतःला काय सांगितले असेल?

दख्खनच्या दरबारांत असे इराणातून, तुराणातून, अरबस्तानातून आलेले लोक पुष्कळ होते. फारसी ग्रंथांत त्यांना ‘आफाकी’ म्हटले आहे, आणि दुसरे नाव आहे ‘गरीब’. अरबीत गरीब म्हणजे परका, मुलूख सोडून आलेला. दख्खनी विरुद्ध गरीब असा तंटा बहमनींच्या काळापासून निजामशाहीच्या अखेरपर्यंत चालला. आणि गंमत अशी की ज्यांना हा शब्द लागे ते बहुधा मनसबदार, सरदार, हकीम, कवी असत, त्यांच्या दारी हत्ती झुलत. शब्द मात्र त्यांच्याबरोबर राहिला नाही. तो दरबारातून उतरून बाजारात आला, बाजारातून शिवारात गेला, आणि आज माळीवाड्यातल्या कोणाही म्हातारीला विचारा, गरीब म्हणजे ज्याच्या घरात काही नाही तो. ज्याचे येथे कोणी नाही तो आणि ज्याच्याजवळ काही नाही तो, या दोहोंत लोकांना फरक वाटेनासा झाला. जर्मनांनी जे ‘एलेंड’चे केले तेच आम्ही ‘गरीब’चे केले, आणि हे दोन्ही शब्द मला लागू पडून गेलेले असल्यामुळे मी त्यांच्याकडे केवळ कोशाच्या दृष्टीने पाहू शकत नाही. तिसरा शब्द आपला देशी, ‘परदेशी’. त्याची गत अधिक मजेची. उत्तरेकडून लष्करांबरोबर आलेल्यांचे वंशज नगरात आणि सगळ्या महाराष्ट्रात परदेशी या आडनावाने नांदतात. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. आणि शाळेच्या हजेरीत “परदेशी” अशी हाक आली की जो मुलगा “हजर” म्हणतो त्याने आळंदीपलीकडचा मुलूखही पाहिलेला नसतो. आमच्या वर्गात असे दोघे होते. वर्गातून परदेशी गेलो तो मी, आणि माझे आडनाव कुलकर्णी.

गरीब कोण आणि दख्खनी कोण हे ठरविण्याचा त्या काळचा हिशेब आजच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. महंमद कासिम फिरिश्ता कास्पियनच्या काठच्या अस्तराबादेत जन्मला, आणि बाप गुलाम अली हिंदुशाह याच्याबरोबर लहानपणीच नगरला आला. बापाची नेमणूक राजपुत्र मीरान हुसेनला शिकविण्याची. पोर येथेच वाढले, राजपुत्राबरोबर शिकले, मोठेपणी मुर्तजा निजामशहाच्या पहाऱ्यावर अधिकारी झाले. १५८८ साली त्याच मीरान हुसेनने बापाला हमामात कोंडून मारले, आणि पहाऱ्यावरच्या फिरिश्त्याला सहाध्यायी म्हणून जीवदान दिले. वर्ष उलटले नाही तोच मीरान हुसेनही मारला गेला, जमालखानाच्या दख्खनी पक्षाचे बळ वाढले आणि शहरात गरिबांची कत्तल उसळली. फिरिश्ता गरिबांतला. ज्या गल्ल्यांत तो लहानाचा मोठा झाला त्यांनी त्याला परका ठरविले. १५८९ च्या अखेरीस तो विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या चाकरीत गेला, आणि दख्खनचा जो इतिहास आज सगळे जग वाचते तो त्याने तेथे बसून लिहिला. तरुण वयात दुसऱ्यांदा गाव सुटलेल्या माणसाने सोडलेल्या गावाचा वृत्तांत लिहावा, आणि त्या वृत्तांतावाचून त्या गावाला स्वतःचे बालपण आठवू नये, असा हा प्रकार आहे.

उलट मलिक अंबर. हबसाणात, हररच्या बाजूला १५४८ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा, नाव चापू; गुलाम म्हणून विकला गेला, लाल समुद्र ओलांडून बगदादला पोचला, तेथे धन्याने शिकविले, धर्म दिला, अंबर हे नाव ठेवले; आणि पंचविशीच्या आतबाहेर असताना दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले, तो चंगेजखान स्वतःही हबशीच. धनी वारला, अंबर मोकळा झाला, विजापूर-गोवळकोंड्याकडे चाकरी करून परतला, आणि मोगलांनी १६०० साली नगरचा किल्ला घेतल्यावर बुडालेली निजामशाही त्याने आपल्या खांद्यावर आणखी पंचवीस वर्षे उभी ठेवली. तर सात समुद्रांपलीकडचा हा माणूस दरबारच्या हिशेबात गरीब नव्हे! हबशी हे दख्खनी पक्षात मोडत. कारण उघड आहे, आणि मला ते फार कठोर वाटते: इराणी सरदाराला मागे मुलूख होता, भाषा होती, पत्रव्यवहार होता, मनात आले तर तो परत जाऊ शके, बाजारात विकल्या गेलेल्या मुलाला परतण्याची जागाच ठेवलेली नव्हती, म्हणून तो येथला. परक्याची खूण त्याच्या रंगात किंवा जिभेत पाहिली जात नव्हती. त्याच्या मागे दार उघडे आहे की नाही, हे पाहिले जात होते.

चुलतभावाच्या मुलाने मला मोटारीने पूर्वेकडच्या भातोडीला नेले. १६२४ साली मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजांचा अंबराने येथे मोड केला. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला. शहाजीराजे या लढाईत होते, आणि त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले. या दोन भावांची नावे नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून ठेवली असे परंपरा सांगते. मूळ गाव वेरूळकडचे, नाव नगरच्या पिराचे, मरण भातोडीचे. अंबराचे वय तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे, म्हणजे आज माझे आहे तेवढे. तलावात पौषातही पाणी होते, बांधावर दोन पोरे गळ टाकून बसली होती. मी त्यांना काही सांगितले नाही. परतताना डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसत होता, जो चांदबिबीचा नाही आणि महालही नाही. ती मुर्तजाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. मेल्यानंतरही माणसाला दुसऱ्याच्या नावाने राहावे लागते, हे त्या तीन मजली अष्टकोनाकडे पाहून पटते.

किल्ल्यावर फार रेंगाळलो नाही. येथे आणलेल्यांची याद मोठी आहे: बोअर युद्धातले कैदी, पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीत डांबलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन, दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी नगरच्या तळावर काही काळ ठेवलेला आणि पुढे डेहराडूनहून तिबेटात निसटलेला सत्तावीस वर्षांचा हाइनरिख हारर, आणि १९४२ पासून नेहरू व त्यांचे सहकारी. बळाने आणलेल्यांचा जमाखर्च वेगळा असतो. त्यात मला शिरायचे नाही. जर्मन पासपोर्ट खिशात घेऊन खंदकाच्या काठावर उभे राहिल्यावर थोडे हसू मात्र आले.

माझ्या आजीला अक्षरओळख झाली ती मिशनच्या मुलींच्या शाळेत. ती शाळेला ‘मिशीनची शाळा’ म्हणे. अमेरिकन मराठी मिशनने नगरात १८३१ मध्ये ठाणे घातले. पण मुलींच्या शाळांच्या संदर्भात जे नाव घ्यावे लागते ते मिस सिंथिया फरार यांचे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरोत १७९५ साली जन्मलेल्या या बाई ५ जून १८२७ रोजी बोस्टनहून जहाजात बसल्या आणि २९ डिसेंबरला मुंबईस उतरल्या. जवळजवळ सात महिने पाण्यावर. वय बत्तीस, सोबत नवरा नाही, आणि नवऱ्यावाचून बाईला समुद्रापार धाडण्याची रीत तेव्हा नव्हतीच म्हटले तरी चालेल. दहा वर्षे मुंबईत मुलींच्या शाळा चालवून प्रकृती ढासळली, तेव्हा १८३७ साली त्या मायदेशी परतल्या. येथेच गोष्ट संपली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. परंतु १८३९ साली त्या पुन्हा निघाल्या, आणि या खेपेस आल्या त्या नगरला. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्या गावात, पाटीपासून आरंभ. पहिले निघणे तारुण्याच्या भरात होते, त्यात अज्ञानाचा मोठा आधार असतो. दुसऱ्या वेळी काय वाट्याला येणार आहे ते पुरते ठाऊक असते, उन्हाळा ठाऊक असतो, शाळेत पाठविलेली मुलगी लग्न ठरताच काढून नेतात हे ठाऊक असते. मला मिस फरार यांचे मोठेपण या दुसऱ्या निघण्यात दिसते. जोतिराव फुले तरुणपणी नगरला आले असता त्यांनी या बाईंच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरला फरारबाईंकडेच. २५ जानेवारी १८६२ रोजी फरारबाई येथेच वारल्या. माझी आजी ज्या बाकावर बसली तो बाक म्हणे वाकडा होता.

याच मिशनमधले रॉबर्ट ह्यूम यांचे उदाहरण तर माझ्यासारख्याला बुचकळ्यात टाकणारे आहे. १८४७ साली मुंबईत भायखळ्याला जन्म, बालपणीच बाप वारल्यावर आईबरोबर अमेरिकेस रवानगी, येल विद्यापीठात शिक्षण, आणि १८७४ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी नगरला. हा माणूस परदेशी निघाला होता की घरी परतत होता?

शेवटच्या दिवशी अरणगावला गेलो. दौंडच्या रस्त्यावर, शहरापासून दोन-अडीच कोसांवर, पहिल्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या लष्करी तळाच्या जागी मेहेरबाबांनी १९२३ पासून वस्ती केली. तेही एका विस्थापिताचेच पुत्र. वडील शेरियार इराणातून भटकत आलेले, पुण्यात स्थिरावलेले. १० जुलै १९२५ पासून बाबांनी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. टेकडीवरच्या समाधीच्या आतील भिंतींवर चित्रे आहेत, ती हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ साली, वयाच्या साठाव्या वर्षी येथे येऊन काढली. बाबांच्या तत्त्वज्ञानाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मला तेथल्या माणसांविषयी कुतूहल होते, कारण माझ्या पिढीचे जे अमेरिकन आणि युरोपियन तरुण येथे आले, ते आणि मी, बहुधा एकाच आकाशात उलट्या दिशांनी एकमेकांना ओलांडून गेलो असू.

त्यांतल्या एक बाई मला टेकडीखाली, लिंबाच्या पारावर भेटल्या. पांढरे केस, सुती पातळ, पायात नगरच्या बाजारातल्या चपला. भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून त्यांची जी हुज्जत चालली होती ती ऐकून मी नुसता उभा राहिलो. “आजी, तुम्हाला म्हणून देते” असे म्हणत भाजीवाली हरली. कॅलिफोर्नियातून १९७४ साली, चोविसाव्या वर्षी आल्या, असे त्यांनी सांगितले. मी माझे वर्ष सांगितले. त्या हसल्या. मी विचारले, प्रारंभी सर्वांत जड काय गेले? मला उत्तर अपेक्षित होते भाषा. “भाषेचं काय एवढं, भाऊ. बोललं की येते,” त्या म्हणाल्या. “पाणी. एक बादली मिळायची. त्यात न्हायचं, त्यातच धुवायचं, आन् मग तेच झाडाला घालायचं. पहिल्या उन्हाळ्यात मी रडले ते पाण्यापायी.” मी त्यांना स्टुटगार्टच्या जिन्याची आणि बर्फ ओढण्याची हकीकत सांगितली. “म्हंजे तुम्हाला पाणी जास्त झालं,” त्यांनी निकाल दिला.

त्यांना शहरात यायचे होते. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कसलासा कागद पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत द्यायचा होता. मुदतवाढ, तसदीक, छायाचित्रे, सगळे एका कापडी पिशवीत नीट लावलेले. वरच्या कागदावर अनुक्रमांकांची याद होती, ती पाहून मला वडील आठवले. रिक्षा केली. वाटेत त्या मला बाजूची झाडे दाखवीत होत्या: हे अमक्या साली लावले, ते त्या साली वाळले होते, पुन्हा फुटले. मी या रस्त्याने लहानपणी सायकलने गेलो होतो आणि तेव्हा येथे एकही झाड नव्हते, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी फार समाधानाने मान हलविली, जणू एखाद्या खात्रीलायक साक्षीदाराची जबानी मिळावी.

कचेरीत खिडकीपलीकडे एक तरुण पोलीस कारकून होता. त्याने बाईंना पाहताच खुर्ची पुढे सरकवली, “बसा आजी, गुडघा कसा आहे?” म्हणून विचारपूस केली, पिशवीतले कागद एकेक करून तपासले आणि शिक्का उमटविला. मग त्याची नजर माझ्याकडे, माझ्या कोटाकडे आणि हातातल्या तांबड्या पासपोर्टाकडे गेली. तो मी का बाहेर काढला होता कोण जाणे, कदाचित पन्नास वर्षांच्या सवयीने, खिडकीपुढे उभे राहिले की हात आपोआप तिकडे जातो म्हणून. त्याने तो घेतला, जन्मस्थळाचा रकाना वाचला, पुन्हा पहिल्या पानावरचा गरुड पाहिला, आणि जरा अडखळून, अत्यंत अदबीने मला हिंदीत विचारले, “आप कहाँ से हैं, साहब?”

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात बाई पिशवीची गाठ मारता मारता म्हणाल्या, “मराठीत बोल त्यांच्याशी, बाळा. माळीवाड्यातले आहेत ते. पाहुणे आलेत.”